या पेटीतून त्या पेटीत

आमच्या घरात आठवणींच्या दोन पेट्या होत्या. एक सासूबाईंच्या लग्नातली पत्र्याची हिरवी ट्रंक. तिची किल्ली केव्हाच हरवली आहे, पण कडी लावली की ती गुण्यागोविंदाने बंद राहते. दुसरी पेटी म्हणजे बैठकीच्या कोपऱ्यातला आमचा संगणक. त्यावर मी विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी, आणि फुलदाणीत गेल्या गौरीची कागदी फुले. पाहुण्यांना वाटे, हा संगणक शोभेचाच असावा. तो मात्र आत अकरा हजारांवर फोटो सांभाळून बसला होता.

ही हकीकत त्या दुसऱ्या पेटीची. २०२४ सालच्या दिवाळीपूर्वी ती रिकामी करून तिच्यातले फोटो नव्या पेटीत नेण्याचे काम मी अंगावर घेतले, आणि त्यात माझी जी फजिती झाली ती सांगितल्याने चार घरे सावध होणार असतील, तर ती सांगायला मला संकोच वाटत नाही.

आमचे गाव मूल. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे निघालात की साधारण अर्ध्या वाटेवर लागते. आजूबाजूला धानाची शेती, गावात भाताच्या गिरण्या, आणि थोडे बाहेर पडले की जंगल. मी येथे पुष्कळ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. हजेरी घेण्याची सवय अंगात मुरली आहे. बसमध्ये बसले तरी माणसे मोजते. ही सवय पुढे कशी कामी आली आणि कशी कमी पडली, ते ओघाने येईलच.

संगणक आमच्याकडे आला २००६ साली. त्या दिवसांत तालुक्याच्या गावी जो तो एमएस-सीआयटीच्या वर्गाला जात होता. मीही चाळिशी लावून, आपल्याच माजी विद्यार्थ्यांच्या मांडीला मांडी लावून, तो अभ्यासक्रम पुरा केला. चिरंजीव तेव्हा शाळेत होते. ‘अभ्यासासाठी हवा’ असे सांगून त्यांनी संगणक घ्यायला लावला आणि पुढच्याच वर्षी ‘प्रोजेक्टसाठी हवा’ म्हणून एक छोटा डिजिटल कॅमेरा. त्याचा अभ्यास किती झाला ते तोच जाणे; पण कॅमेऱ्याने घरातले एकही कार्य सोडले नाही. त्याची मुंज, २०१२ सालचे लेकीचे लग्न, महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, भाऊबीजेनंतर गावोगाव रंगणारी झाडीपट्टीची नाटके, सारे त्या पेटीत जाऊन पडले. पूर्वी छत्तीस फोटोंचा रोल वर्षभर पुरवून वापरणारी आम्ही माणसे एकेका बारशाला चारशे फोटो काढू लागलो. धुऊन मात्र एकही आणला नाही.

संगणकात पहिलावहिला फोटो कोणाचा गेला, हे वाचकांना ठाऊक आहे का? मला वाटले होते, एखाद्या राष्ट्राध्यक्षाचा असेल. पण नाही. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श नावाच्या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी छायाचित्र संगणकात उतरवण्याचे यंत्र तयार केले. त्यावर किर्शने ठेवला तो आपल्या तीन महिन्यांच्या बाळाचा फोटो. आडवे १७६ ठिपके आणि उभे १७६ ठिपके, एवढीच ती चित्राची विण. आजच्या साध्या फोनवरचे चित्रही त्याच्या शेकडो पटींनी बारीक विणीचे असते. पण गंमत पाहा, एवढे मोठे यंत्र हाती आल्यावर बापाला आधी आठवले ते आपले लेकरू. तेव्हा आमच्या पेटीत चारशे फोटोंचे बारसे निघाले, तर त्यात नवल ते काय!

असो. २०२४ च्या गणपतीला चिरंजीव पुण्याहून आले ते आपला जुना लॅपटॉप घेऊन. स्वतःसाठी त्याने नवा घेतला होता. “आई, तो कोपऱ्यातला आता पेन्शनीत काढ,” तो म्हणाला. त्याचे खोटे नव्हते. आमच्या संगणकावर विंडोज एक्सपी होते, आणि ते बनवणाऱ्या कंपनीने त्याची देखभाल २०१४ च्या एप्रिलमध्येच थांबवली होती. शिवाय अलीकडे चालू केला की आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज येई.

“फोटो मी दिवाळीत आल्यावर या लॅपटॉपवर टाकून देतो. तू हात लावू नकोस,” असे बजावून तो गेला.

हात लावू नकोस म्हटल्यावर मी हात लावला. दुसरे काय होणार?

ह्यांच्याकडे सोळा जीबीचा एक पेनड्राइव्ह होता. माझी योजना अगदी सरळ होती: विहिरीचे पाणी बादलीने टाक्यात भरावे, तसे फोटो पेनड्राइव्हमध्ये भरायचे आणि लॅपटॉपमध्ये ओतायचे. बादलीच्या तीन खेपा झाल्या की काम फत्ते. सुरुवातीला मी एक शहाणपण केले. फोटोंच्या फोल्डरवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहिले की आत किती फाईली आहेत तो आकडा दिसतो. तो मी वहीत लिहून ठेवला: ११,२४०. शाळा सोडली तरी पटसंख्या लिहिल्याशिवाय वर्ग सुरू करणे मला जमत नाही.

पहिली खेप सुरळीत गेली. दुसऱ्या खेपेला लेकीच्या लग्नाची चित्रफीत काही केल्या पेनड्राइव्हमध्ये शिरेना. आत दहा जीबी जागा रिकामी, चित्रफीत पाच जीबीची, तरीही नकार. पुढे कळले, की पुष्कळसे पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ नावाच्या जुन्या पद्धतीने आखलेले असतात, आणि त्या आखणीत चार जीबीहून मोठी एक वस्तू मावतच नाही. घर केवढेही मोठे असले, तरी दारातून कपाट आत जात नाही, त्यातला प्रकार. आखणी बदलली की चित्रफीत मुकाट्याने जाते. पण मला तेव्हा ते ठाऊक नव्हते. मी चिडले, आणि चिडल्यावर घाई केली.

घाईत चूक ही केली, की ‘कॉपी’ऐवजी ‘कट’ दाबले.

वाटले, जुन्या पेटीतून वस्तू निघून नव्या पेटीत गेली की हिशेब सोपा. जे उरले ते न्यायचे राहिले. लुगडी एका कपाटातून दुसऱ्यात नेतो तसे. पण संगणकात फोटो कधी ‘जात’ नाही. त्याची एक नक्कल पलीकडे उतरते आणि नंतर मूळ पुसले जाते. कॉपीत पुसण्याचे काम होत नाही, कटमध्ये होते. शिवाय पेनड्राइव्हवर जे लिहून झाले असे पडद्यावर दिसते, ते सारे त्या क्षणी खरोखर उतरलेले असतेच असे नाही. काही वाटेत रेंगाळलेले असते. म्हणून तर तो काढण्यापूर्वी संगणकाची रीतसर परवानगी घ्यायची.

दुपारचे तीन वाजले होते. आभाळ भरून आले, एकदा कडाडले आणि वीज गेली.

अर्ध्या तासाने वीज आली तेव्हा मी पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. काही फोटो उघडेनात. काहींचा वरचा भाग ठीक, आणि खाली भिंतीला सिमेंट फासावे तसा करडा पट्टा. जुन्या संगणकात पाहिले, तर तेथून ते पुसलेले. चांगले तेवढे फोटो मोजले, पुन्हा मोजले. दोन्हीकडचे मिळून ११,२०३ भरले.

सदतीस गैरहजर.

ह्यांना म्हटले, तर ते म्हणाले, “अगं, अकरा हजारांतले सदतीस. शंभर वर्षे पाहत बसलो तरी सारे पाहून होणार नाहीत.” मलाही क्षणभर तसेच वाटले. संध्याकाळी सासूबाई देवाजवळ दिवा लावून आल्या आणि नव्या लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचे वय तेव्हा शहाऐंशी.

“सगळं आलं का यात?” त्यांनी विचारले.

“बरंचसं आलं.”

“मग ते बोलतात ते लाव.”

ते म्हणजे मामंजी. मामंजी २०१० साली गेले. २००९ च्या दिवाळीत चिरंजीवांनी कॅमेऱ्यावर त्यांची एक चित्रफीत घेतली होती, जेमतेम पाऊण मिनिटाची. मामंजींचा आवाज घरात तेवढाच एक उरला होता. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, सासूबाई तो ऐकत. मी ‘दिवाळी २००९’ हा फोल्डर उघडला. चित्रफीत नव्हती. बाकीचे फोटोही मध्येच तुटलेले होते.

“आई, ते अजून टाकायचं राहिलंय,” मी म्हणाले. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, सासूबाईंच्या तोंडावर, मी धडधडीत खोटे बोलले.

दुसऱ्या दिवशी संगणकाचा डबा ऑटोत घालून मी गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदार माझा जुना विद्यार्थी. त्याने पहिला प्रश्न विचारला, “काकू, त्या दिवसानंतर यात काही नवीन टाकलं का जी?”

“नाही रे.”

“मग थोडी आशा आहे. चालू तर नाही ना केला?”

चालू मात्र दहादा केला होता. त्याने मान हलवली. त्याने समजावले ते असे: संगणक एखादी फाईल पुसतो, तेव्हा खरे पाहता आतली अक्षरे पुसत नाही. अनुक्रमणिकेतले नाव खोडतो आणि ती जागा मोकळी आहे अशी नोंद करतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुने तसेच पडून असते. पण संगणक चालू असताना आपल्या नकळत स्वतःच काहीबाही लिहीत असतो. म्हणून अशी चूक झाली की पहिले काम म्हणजे तो बंद करणे, आणि बंद ठेवणे.

त्याने डब्यातून हार्डडिस्क बाहेर काढली. पोथीएवढी, वजनदार, ऐंशी जीबीची. एका वायरीने ती दुकानातल्या संगणकाला जोडली आणि शोध लावून दिला. आधी जे शाबूत होते त्याची एक प्रत मोठ्या नव्या डिस्कवर उतरवली. लग्नाची चित्रफीतही बिनबोभाट गेली. मग हरवलेल्यांचा तपास. संध्याकाळपर्यंत सदतीसपैकी एकोणतीस सापडले. उरले आठ, आणि त्या आठांत मामंजींची चित्रफीत.

“काकू, ती जागा भरली जी,” तो हळू आवाजात म्हणाला. “दुसरीकडे कुठं प्रत असेल तर बघा.”

दुसरीकडे! कोण कशाला ठेवील? घरी येऊन मी ट्रंक उपसली. तिच्यात मामंजींचे काळेपांढरे फोटो होते. स्टेशनवर छोट्या लाइनीच्या गाडीपाशी उभे असलेले, धोतर खोचून धानाच्या खळ्यात उभे असलेले. मागे शाईने तारीख, गाव, नावे. त्या ट्रंकेने कधी वीज मागितली नाही. पण आवाज काही ट्रंकेत मिळण्यासारखा नव्हता.

रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले. मामंजींच्या तेराव्याला सारे जमले होते, तेव्हा आमच्या वन्सं निघताना चिरंजीवाला म्हणाल्या होत्या, “बाबांचे फोटो मला एका सीडीवर दे रे.” त्याने तेथल्या तेथे सीडी करून दिली होती. त्यात चित्रफीत टाकली होती की नाही, त्याला फोनवर आठवेना. वन्सं राहतात गडचिरोलीला. सकाळच्या पहिल्या एसटीने निघाले. सावली मागे पडली, व्याहाडानंतर वैनगंगेचा पूल आला, पावसाने नदी दोन्ही काठ धरून चालली होती. एरवी मी त्या पुलावर नदीला हात जोडते. त्या दिवशी नुसते जोडले नाहीत, नवसही बोलले.

वन्संना खरा प्रकार सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि देवघराच्या फडताळातून, पोथ्यांखालून, कापडात गुंडाळलेली सीडी घेऊन आल्या. वर निळ्या पेनने लिहिलेले: ‘बाबा’.

“आमच्याकडे ती लावायला काही नाही गं,” त्या म्हणाल्या. “पण टाकवेना.”

आमच्या नव्या लॅपटॉपलाही सीडीचे तोंड नाही. पुन्हा दुकान गाठले. तेथल्या जुन्या संगणकाला ते होते, पण खण बाहेरच येईना. पोराने एक टाचणी सरळ केली आणि खणाच्या खाली एक बारीकसे भोक असते, त्यात खुपसली. खण बाहेर आला. अडकलेल्या खणासाठीच ते भोक ठेवलेले असते म्हणे! चौदा वर्षांची सीडी आत गेली, घुंघुं करू लागली. अशा घरी केलेल्या सीड्या कालांतराने रंग सोडतात व वाचेनाशा होतात, हे त्याने मला आधीच सांगून ठेवले होते. मी डोळे मिटून बसले होते.

मग मामंजी बोलले, “अरे, तो दिवा वाऱ्याला ठेवू नका. आणि तू आधी चिवड्याचा डबा बंद कर. सादळेल.”

एवढेच. दुकानात आणखी दोन गिऱ्हाईके होती, म्हणून मी पदर डोळ्यांना लावला नाही.

घरी सासूबाईंना ऐकवले. त्यांनी दोनदा ऐकले. मग म्हणाल्या, “आवाज बसला होता त्यांचा. त्या दिवाळीत खोकला होता ना.” आणि थोड्या वेळाने, “तू त्या दिवशी खोटं बोललीस ते मला कळलं होतं हो.”

त्या सीडीत हरवलेल्या आठांपैकी पाच मिळाले. कॅमेरा प्रत्येक फोटोला ओळीने क्रमांक देतो, त्यामुळे कोणते क्रमांक भरून आले ते ताडता आले. तीन मात्र कायमचे गेले. त्या तिघांत कोण होते, काय होते, हे मला आजही सांगता येत नाही. माझ्या वहीत पटसंख्या होती, नावे नव्हती. आयुष्यभर मुलांची हजेरी नावाने घेतली आणि घरच्यांची घेतली ती नुसत्या आकड्याने!

ही रुखरुख मला लागली, आणि तिच्यातूनच पुढचे काम निघाले. दसऱ्यापासून रोज रात्री जेवणे आटोपली की मी आणि सासूबाई लॅपटॉपसमोर बसू लागलो. फोल्डरांची नावे तर काय वर्णावी! ‘नवीन फोल्डर’, ‘नवीन फोल्डर २’, ‘मिक्स’, ‘फायनल’, ‘फायनल खरे’. तारखांचाही तोच गोंधळ. फोटो काढल्याची तारीख कॅमेरा फोटोच्या पोटातच लिहून ठेवतो आणि कितीही पेट्या बदलल्या तरी ती टिकते. पण कॅमेऱ्याचे घड्याळ लावलेले असेल तर! आमच्या कॅमेऱ्याची बॅटरी काढली की त्याचे घड्याळ मूळपदावर जाई. त्यामुळे त्याच्या हिशेबी आमच्या लेकीचे लग्न १ जानेवारीच्या मध्यरात्री लागले आहे, आणि तेही मुंजीच्या आधी.

चेहऱ्यांचे काम सासूबाईंचे. मुंजीच्या पंगतीत हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. ह्यांना ओळखेना, मला ओळखेना. सासूबाई म्हणाल्या, “ही तुझ्या मामंजींची सावलीची आतेबहीण. तुझ्या लग्नात वरणाचं पातेलं हिनंच एकटीनं उचललं होतं.” एकेका रात्री तीस-चाळीस फोटो होत. मी प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी लिखित फाईल ठेवली: क्रमांक, प्रसंग, डावीकडून नावे. आणि हेच सारे वहीतही उतरवले, कारण वहीला टाचणी लागत नाही.

पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मांच्या कोठाराला आग लागली आणि भारतीय चित्रपटांचा मोठा मौल्यवान ठेवा जळून गेला. ही बातमी तेव्हा वाचली होती आणि विसरलेही होते. आता तिचा अर्थ कळला. जपून ठेवणे म्हणजे एकाच खोलीत कडेकोट ठेवणे नव्हे. पीटर क्रो नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने यासाठी एक सोपा नियम सांगितला आहे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमच्या वन्संनी हा नियम कधी ऐकलेला नाही. त्यांनी फक्त वडिलांचे फोटो मागून घेतले, आणि टाकवले नाहीत म्हणून ठेवले.

म्हणून माझे सांगणे एवढेच. या पेटीतून त्या पेटीत फोटो न्यायचे असतील, तर ‘कट’ला हात लावू नका, कॉपीच करा. आधी आणि नंतर दोन्हीकडची संख्या ताडून पाहा, थोडे फोटो उघडूनही पाहा. जुनी पेटी महिना-दोन महिने तशीच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फोटो साधे पाठवले, तर ते आकसतात आणि त्यांच्या पोटातली तारीखही गळते. तेथे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे आहेत तसे पोचतात. आणि घरातले वडीलधारे माणूस जवळ आहे तोवर नावे विचारून घ्या. बाकीचे सारे दुकानातला पोरगा करून देईल. हे काम तो करू शकणार नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला वन्सं मूलला आल्या. ओवाळून झाल्यावर ह्यांनी ताटात पैसे ठेवले आणि मी त्यावर एक छोटी डिस्क ठेवली. लेकीला एक दिली, चिरंजीवाच्या हाती एक. सगळ्यांत सारखेच फोटो, सारखीच नावे.

वन्सं म्हणाल्या, “आणि माझी सीडी?”

मी कापडात गुंडाळलेली सीडी परत दिली. त्यांनी ती पिशवीत अगदी तळाशी ठेवली. जाताना सासूबाईंनी त्यांच्या हाती चिवड्याचा डबा दिला आणि झाकण नीट लागले आहे ना, ते दोनदा पाहिले.